साताऱ्यातल्या घरी कॉर्डलेस फोन बसवताना

साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात फोन ओसरीवरच्या कोनाड्यात असे आणि गुडघेदुखीमुळे आई माजघरातून तिथवर पोहोचेपर्यंत घंटा थांबलेली असे, म्हणून मी कॉर्डलेस फोन आणला.

हँडसेट ज्यावर ठेवतात त्या बेसला फोनची तार आणि अडॅप्टर जोडणे दहा मिनिटांचे काम आहे. मात्र हँडसेटमधले सेल पहिल्यांदा वापरण्यापूर्वी माहितीपत्रकात सांगितले आहे तितके तास पूर्ण चार्ज करावेत. हे सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात, त्यामुळे बदलताना तिथे साधे अल्कलाइन सेल चुकूनही घालू नयेत, कारण चार्ज होताना ते गळू किंवा फुटू शकतात.

खरा विचार जागेचा करावा लागतो. डेक्ट या डिजिटल कॉर्डलेस पद्धतीचा फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालतो आणि मोकळ्यावर साधारण ३०० मीटर, तर घरात ५० मीटरपर्यंत पोहोचतो. पण आमच्या हातभर जाडीच्या दगडी भिंतींपलीकडे, स्वयंपाकघरात, शब्द तुटत होते. बेस कोनाड्यातून काढून जिन्याशेजारच्या उंच फळीवर ठेवल्यावर आवाज स्वच्छ झाला.

वीज गेली की बेस बंद पडतो. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची वीज मिळणारा जुना फोन मात्र चालू राहतो, म्हणून तो मी त्याच लाइनवर ठेवला आहे आणि माझा तसाच आग्रह राहील.

आता आई शेंगा सोलता सोलता मावशीशी बोलते. हँडसेट कुठे विसरली, तर बेसवरचे पेजिंगचे बटण दाबले की तो कधी उशीखालून, कधी देवघरातून वाजतो.