धायटीच्या फुलांचा फेस: आमची वाटचाल

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात माघ लागला की ओहोळाकाठची धायटीची झुडपं लालभडक होतात. लहानपणी आम्ही ती फुलं तोडून त्यांतला मध चोखायचो. पुढे त्याच फुलांच्या फेसाळ पेयावर आमचा व्यवसाय उभा राहील, असं स्वप्नातही नव्हतं.

मामंजी घरी कुमारीआसव, म्हणजे कोरफडीचं आंबवलेलं आयुर्वेदिक औषध, करायचे. त्यात मूठभर सुकी धायटी टाकताना म्हणायचे, "हिच्याशिवाय आसव उठत नाही," म्हणजे आंबत नाही. २०२० च्या टाळेबंदीत इंग्लंडला असलेली नणंद फोनवर सांगत होती, की तिकडे एल्डर नावाच्या झुडपाची फुलं साखर-लिंबाच्या पाण्यात घालून फेसाळ पेय करतात, आंबवणारं यीस्ट फुलांवरच असतं. मला मामंजींचं बोलणं आठवलं आणि दुसऱ्याच दिवशी टोपली घेऊन निघाले.

दंव वाळल्यावर फुलं खुडली. धुतली नाहीत, कारण धुतली की यीस्टही जातं; नुसती झटकून मुंग्या काढल्या. १० लिटर पाणी, १ किलो साखर, ८ लिंबं, वर मलमलचं फडकं. तिसऱ्या दिवशी कान लावला तर आतून बारीक चुरचुर ऐकू आली. चव आंबटगोड, शेवटी किंचित तुरट. जाऊबाईंनी दुसरा पेला मागितला.

मे महिन्याच्या उकाड्यात मात्र पेय भरलेल्या सॉसच्या जुन्या बाटल्या आतल्या वायूच्या दाबाने रात्रीत फुटल्या. कोठीत काचांचा सडा. मुलं तिथे नव्हती, हीच देवाची कृपा. तेव्हापासून जाड काचेच्याच बाटल्या वापरतो आणि दाब कळावा म्हणून प्रत्येक घाण्यातली एकच बाटली प्लास्टिकची भरतो. ती दाबून दगडासारखी लागली की सगळा घाणा फ्रिजमध्ये.

खरी कसोटी विक्रीच्या वेळी लागली. मद्याचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या वर गेलं, की कायद्याने ते मद्यच. साखर आंबते तेव्हा साधारण निम्मा वायू होतो आणि निम्मं मद्य. उघड्या भांड्यात वायू उडून जातो, मद्य मागे राहतं. म्हणजे घरची तीन दिवसांची रीत विक्रीला उपयोगाची नाही. वर्षभर धडपडून मार्ग काढला: फुलांचं छोटं विरजण वेगळं तयार करायचं, ते ताज्या गोड पाण्यात मिसळून लगेच बाटल्या बंद करायच्या. वायू आत कोंडला जातो आणि थोड्याच आंबण्यात फेस मिळतो. तरीही प्रत्येक घाणा तपासून घेतल्याशिवाय आम्ही विकत नाही.

आज मी, जाऊबाई आणि गावातल्या दोघीजणी मिळून काम करतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बर्फाच्या पेटीतून बाटल्या नेतो. हंगाम संपला की विक्री बंद. इसेन्स घालून बारमाही करा, असं सांगणारे भेटतात, पण ते आम्हाला करायचं नाही. अभयारण्यातलं एकही फूल घेत नाही. बांधावरच्या झुडपांचीसुद्धा तिसरा हिस्साच फुलं काढतो, कारण शिंजीर पक्षी त्याच मधावर येतात.

गेल्या पावसाळ्यात काजूबागेच्या कडेने धायटीची ४० रोपं लावली. २५ जगली आहेत.