पंचवीस बारगीर, एक पखालजी, एक नालबंद

सतराव्या शतकातलं सैन्य रंगवायचं म्हटलं की लढाईच्या खेळासाठी छोट्या बाहुल्या रंगवण्याच्या या छंदातली बरीच मंडळी इंग्लंडच्या यादवी युद्धाकडे वळतात. त्यात सोय मोठी आहे. 1645 मध्ये उभ्या राहिलेल्या पार्लमेंटच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’चं पायदळ लाल डगल्यातलं. लाल रंगाची एक बाटली, चामड्यासाठी पिवळसर, लोखंडासाठी करडा, की पलटण उभी. मला मात्र शिवकालीन घोडदळ हवं होतं, आणि तिथे सगळ्यांना एका रंगात आणणारा गणवेश नव्हता. पंचवीस जणांच्या अंगावर पंचवीस तऱ्हांचे कपडे असूनही ते एकाच सैन्याचे दिसले पाहिजेत, ही खरी अडचण होती. बाकी सगळं हात बसण्याचं काम.

वाट सापडली ती सभासदाच्या बखरीत. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला ती लिहिली. त्यात लष्कराची रचना स्पष्ट दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. लढाईच्या खेळात सहसा एक बाहुली म्हणजे वीस-पन्नास माणसं असा हिशेब असतो. मी ठरवलं, एक हवाला, म्हणजे एका हवालदाराची तुकडी, एकास एक करायचा. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांच्यासकट.

दुसरी गोष्ट बारगीर आणि शिलेदार यांच्यातल्या फरकाची. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. रंगवणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. बारगिरांचं खोगीर, लगाम, हत्यारं साधारण एका वळणाची ठेवायची आणि कपडे मोजक्या रंगांत. शिलेदार पुढेमागे केले, तर त्यांच्यावर हौस भागवता येईल. कोणाचं खोगीर नेमकं कसं होतं याचा पुरावा नाही, हा माझा तर्क आहे; पण टेबलावर तो चांगला चालतो.

शिवकालातले म्हणून स्वार शोधत बसलो असतो तर अजून शोधतच असतो. ब्रिटनमधल्या एका छोट्या उत्पादकाचे 15 मिमीचे मुघल घोडेस्वार मागवले, त्यांतले हलक्या हत्यारांचे निवडले. आयात शुल्क धरून जी रक्कम झाली ती घरात सांगितलेली नाही. मोठ्या 28 मिमीच्या बाहुल्या रंगवायला सोप्या, पण इतके घोडे त्या आकारात परवडले नसते. मराठी स्वाराची भिस्त भाल्या-तलवारीवर, म्हणून धनुष्यं आणि भाते कापून टाकले. शिरस्त्राणं कानशीने घासली आणि एम-सीलच्या बारीक वळ्या करून त्यावर पागोटी बांधली. परदेशी पुस्तकांत यासाठी महागडी हिरवी पुट्टी सुचवतात. एम-सील लवकर घट्ट होतं आणि थोडं रवाळ राहतं; पागोट्याला तो खडबडीतपणा शोभूनच दिसतो. धातूचे भाले हात लागला की वाकतात, त्यामुळे ते काढून तिथे टाचण्या बसवल्या. टोक बोटाला लागतं, पण भाला सरळ राहतो.

प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, वेळी पाऊस सुरू झाला. दमट हवेत स्प्रे मारला की बाहुलीवर पांढरी रवाळ भुकटी बसते. मग चेहऱ्यावरचं नाक-डोळे गेलेच समजा. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रेच्या वाटेला जाऊच नये. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तो पातळ करून दोन हात दिले. रंगवताना बाहुली पकडायला सोड्याच्या बाटल्यांची झाकणं आणि दुहेरी चिकटपट्टी. रंग सुकू नयेत म्हणून पसरट प्लास्टिकच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर, हे मात्र सगळीकडे सांगतात तसंच.

आता रंग. सिनेमा-नाटकं पाहून डोळ्यांपुढे भगव्या पागोट्यांचा समुद्र येतो. तो आधी बाजूला ठेवला. त्या काळातलं पाहण्याजोगं चित्र म्हणजे निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढून घेतलेलं, आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेलं: घोड्यावर शिवाजी महाराज आणि सभोवती चालणारं पायदळ. मनुची 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटला होता. त्या चित्रातून मी रंगांची यादी उचलली नाही. शतकांपूर्वीच्या कागदावरचा रंग जसाच्या तसा धरता येत नाही. पण गणवेशाचा विचार डोक्यातून निघून जायला ते पुरेसं आहे.

मग मी उलट बाजूने गेलो. त्या काळी कापड कशाने रंगत असे? नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा, काव. आणि बहुतेक सुती कापड न रंगवलेलंच. बाटल्या तेवढ्याच टेबलावर ठेवल्या, बाकीच्या कपाटात बंद. प्रत्येक रंगात थोडासा तोच मातकट तपकिरी मिसळायचा, हा नियम. निळ्या कंबरपट्ट्यात तो, तांबड्या पागोट्यात तो, भगव्यातही तो. पंचवीस जणांचे कपडे वेगवेगळे, पण सगळ्यांवर एकाच वाटेची धूळ बसल्यासारखी दिसते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली कामाची गोष्ट ही एवढीच, आणि ती कुठल्याही गणवेश नसलेल्या सैन्याला लागू पडेल.

पांढऱ्याने मात्र घाम काढला. पांढरा सरळ बाटलीतून लावला तर बाहुली चुना फासल्यासारखी दिसते. मी करड्या-तपकिरीपासून सुरुवात केली, त्यावर खादीसारखा मळका पांढरा, घड्यांमध्ये पातळ तपकिरी वॉश, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि पागोट्याच्या वरच्या वेढ्यावर. हवालदाराला शुद्ध पांढरा जरा जास्त दिला, त्यामुळे तो घोळक्यात उठून दिसतो. कातडीच्या रंगाचं आणखी वेगळं. ‘फ्लेश’ नावाची बाटली गुलाबी निघते आणि आपल्या कामाची नाही. गडद तपकिरीवर दोन उजळ थर दिले, आणि उजळ किती करायचं ते प्रत्येकाचं थोडं वेगळं ठेवलं. डोळे काढले नाहीत. 15 मिमीमध्ये डोळे काढले की माणूस दचकलेला दिसतो.

घोडे ऑइल पेंटने केले. आधी फिक्या बदामी रंगाचा ॲक्रिलिक थर, तो पूर्ण सुकल्यावर वरून बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी ऑइल रंग फासायचा आणि थोड्या वेळाने स्पंजच्या तुकड्याने पुसून काढायचा. उंचवट्यांवरचा रंग निघतो, खोलगट भागात राहतो, आणि कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी, घोडा जवळजवळ आपोआप तयार होतो. सुकायला दिवसांमागून दिवस लागतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. दोन अबलख (दुरंगी) आणि एक पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) हौसेखातर. तक्रार एकच: बाहुल्यांचे घोडे अंमळ मोठे आणि गुबगुबीत आहेत. भीमथडीचं तट्टू ठेंगणं आणि काटक. ते काही कानशीने घासून होत नाही.

पखालजी कुठेच विकत मिळाला नाही. बैलगाडीच्या एका संचातला बैल घेतला, त्याच्या दोन्ही अंगांना एम-सीलच्या पखाली लटकवल्या आणि तोंडाशी दोऱ्याची गाठ मारली. पखालीचं चामडं काळपट तपकिरी केलं आणि खालच्या अर्ध्या भागावर चकचकीत वॉर्निश लावलं, म्हणजे ती ओली वाटते. नालबंदासाठी एका पडलेल्या सैनिकाचे पाय वळवून त्याला उकिडवा बसवला, हातात तारेचा हातोडा दिला. पाहायला येणारे लोक या दोघांपाशीच थांबतात, बारगिरांकडे नंतर वळतात.

बाहुल्यांच्या पायाखालच्या बेससाठी साल्हेर डोळ्यांपुढे ठेवलं. 1672 च्या सुरुवातीला बागलाणात, या किल्ल्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मुघल फौजेला उघड्या मैदानात हरवलं. म्हणजे पोपटी गवत नको. तसंही सभासद सांगतो, फौज पावसाळ्यात छावणीला आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर चाळलेली खडीची कच, म्हणजे खराखुरा सह्याद्रीचा काळा दगड, त्यावर फिक्या तपकिरीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात), आणि दोरीचे धागे कापून वाळक्या गवताचे झुपके. चहाचा वाळवलेला चोथाही वापरून पाहिला. रंग छान येतो, पण आधी उन्हात कडकडीत वाळवायला हवा, नाहीतर बुरशी धरते.

निशाण एकच ठेवलं, दोन टोकांचं भगवं. कागदावर रंगवून, फेव्हिकॉल ओला असताना बोटाने लाटा पाडल्या. त्यातही तोच मातकट तपकिरी आहे, त्यामुळे ते प्लास्टिकच्या पताकेसारखं भडक दिसत नाही. मॅट वॉर्निशसाठी मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबलो. दमट हवेत तेही पांढुरकं पडतं.

आता पायदळाची पाळी: नऊ पाईक आणि दहावा नाईक. तोड्याच्या बंदुका, ढाल-तलवारी, एखाद्याच्या हातात दांडपट्टा. बेसखाली चुंबकाची पट्टी लावून सगळे डब्यात उभे राहतात. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा घ्या. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्यांना चुंबक बहुधा चिकटत नाही.