टोगेपीचं बोट आणि पुढची टर्न

सोमवार

‘पोकेमॉन गोल्ड’ हा गेमबॉयवरचा जुना गेम पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतलाय. पोकेमॉन नावाचे जीव पकडायचे आणि त्यांचा संघ घेऊन आळीपाळीने लढायचं. सुरुवातीचा जीव म्हणून टोटोडाइल निवडला, वाटेत जिओड्यूड पकडला, आणि या खेपेला टोगेपीला शेवटपर्यंत संघात ठेवायचं हे सुरुवातीलाच ठरवून टाकलं. बहुतेक जण त्याला अंड्यातून बाहेर आल्या आल्या बॉक्समध्ये, म्हणजे संघाबाहेरच्या साठ्यात, टाकतात. त्यांचंही चुकत नाही. व्हायोलेट सिटीचं जिम, म्हणजे तिथल्या प्रमुखाशी होणारी लढाई, जिंकल्यावर प्रोफेसर एल्मचा सहाय्यक ते अंडं देतो. ते फुटतं तेव्हा आतला जीव लेव्हल 5 चा असतो. त्याचा बेस अटॅक, म्हणजे हल्ल्याची मूळ ताकद, 20, स्पीड 20, आणि अशा सहाही मूळ आकड्यांची बेरीज 245. येतं काय, तर ग्राउल आणि चार्म. म्हणजे समोरच्याला ओरखडा काढेल अशी एकही मूव्ह (लढाईतली चाल) नाही.

मग लेव्हल 7 ला तो मेट्रोनोम शिकतो. इवलंसं बोट डावी-उजवीकडे हलवतो आणि खेळातल्या जवळपास सगळ्या मूव्ह्जपैकी कुठलीही एक त्याच्या हातून घडते. कुठली, ते त्याला माहीत नसतं, मलाही नसतं. स्वतःहून शिकलेल्या मूव्ह्जपैकी हल्ल्याची पुढची मूव्ह थेट लेव्हल 38 ला, डबल-एज. मधली सगळी वाट या एका बोटाच्या भरवशावर.

मला ही मूव्ह मनापासून आवडते. गंमत म्हणून नाही, खेळण्याची गोष्ट म्हणून. ती का आवडते हे नीट लिहून काढायचं कित्येक दिवस मनात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मंगळवार, रात्री

आज टोगेपीने रानातल्या एका रॅटाटावर एरोब्लास्ट सोडला!

एरोब्लास्ट म्हणजे लुगियाची खास मूव्ह. या गेममध्ये ती लुगियाशिवाय दुसरं कुणीच स्वतःहून शिकत नाही. पॉवर 100, अचूकता 95. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या त्या महाकाय पक्ष्याची ताकद अर्ध्या कवचातल्या बाळाने वापरली, आणि मी कन्सोल हातात धरून खोलीत एकटीच ओरडले.

रॅटाटाचं जेमतेम निम्मं एचपी, म्हणजे अंगातला उरलेला जीव, गेलं. ‘गोल्ड’मध्ये मूव्ह फिजिकल (अटॅकवर चालणारी) की स्पेशल (स्पेशल अटॅकवर चालणारी) हे तिच्या टाइपवरून, म्हणजे पाणी-आग अशा प्रकारावरून, ठरतं आणि फ्लाइंग टाइप फिजिकलमध्ये मोडतो. त्यामुळे हिशेब टोगेपीच्या त्या 20 बेस अटॅकवरूनच झाला. होओ या दुसऱ्या महापक्ष्याची सेक्रेड फायर आली असती तर स्पेशल अटॅक धरला गेला असता, म्हणजे जरा बरं नुकसान झालं असतं, शिवाय समोरचा भाजण्याची शक्यता निम्मी. मेट्रोनोम मूव्ह देतो, ती पेलण्याचं बळ देत नाही. ते ज्याचं त्यालाच आणावं लागतं.

त्यानंतरच्या लढाईत आला स्प्लॅश. काहीही होत नाही तो स्प्लॅश. एरोब्लास्ट आणि स्प्लॅश यांची शक्यता अगदी सारखी आहे, आणि मेट्रोनोममधला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मी हरतेय म्हणून खेळ दया करत नाही, जिंकतेय म्हणून हात आखडता घेत नाही. टीव्हीवरच्या मालिकेत मिस्टीच्या टोगेपीने बोट हलवलं की कथेला हवं तेच घडायचं. गेमला असली कथा ठाऊक नाही. तो एक आकडा काढतो आणि यादीत बघतो.

बुधवार

आज खेळ कमी, वाचन जास्त. चाहत्यांनी जुन्या पोकेमॉन गेम्सचा कोड ओळ अन् ओळ उलगडून ठेवलाय. त्यातला मेट्रोनोमचा भाग वाचला.

1996 च्या पहिल्या गेममध्ये हे काम आश्चर्य वाटावं इतकं साधं आहे. मूव्ह्जना क्रमांक आहेत, 1 ते 165. शेवटची स्ट्रगल, आणि मेट्रोनोम स्वतः 118 वी. खेळ 0 ते 255 मधला एक आकडा काढतो. शून्य आलं तर पुन्हा काढ. 165 किंवा जास्त आलं तर पुन्हा काढ. 118 आलं तरी पुन्हा काढ. उरलेल्या 163 पैकी जे पडेल ते दान. बस.

आणि दोन गेमबॉय केबलने जोडून लढताना? इथे मला गंमत वाटली. दोन वेगळी यंत्रं स्वतःपुरते आकडे काढत बसली तर माझ्या पडद्यावर हायपर बीम आणि समोरच्याच्या पडद्यावर सोलर बीम दिसेल, आणि लढाईच फिसकटेल. म्हणून लढाई सुरू होतानाच आकड्यांची एक छोटी यादी दोघांत वाटून घेतली जाते, आणि पुढचं सगळं नशीब दोन्हीकडे त्याच यादीतून निघतं. समोरासमोर बसलेल्या दोघांनी एकच नशीब वापरायचं.

पण आज खरं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पहिल्या पिढीत मेट्रोनोममधून न येणाऱ्या मूव्ह्ज फक्त दोन: तो स्वतः आणि स्ट्रगल. 1999 च्या ‘गोल्ड’मध्ये मूव्ह्ज झाल्या 251, आणि न येणाऱ्यांची यादी झाली बाराची. मेट्रोनोम, स्ट्रगल, स्केच, मिमिक, काउंटर, मिरर कोट, प्रोटेक्ट, डिटेक्ट, एन्ड्युअर, डेस्टिनी बाँड, स्लीप टॉक, थीफ.

ही यादी मी बराच वेळ बघत बसले. एक्स्प्लोजन येऊ शकतो. गिलोटिनसारखी एका घावात खेळ संपवणारी मूव्ह येऊ शकते. पेरिश साँग येऊ शकतं. म्हणजे ‘फार ताकदीचं नको’ असा काही हिशेब दिसत नाही. मग अडवलंय काय?

प्रोटेक्ट आणि डिटेक्ट म्हणजे आता वार येणार हे ओळखून तो अडवणं. एन्ड्युअर म्हणजे हा घाव जीवघेणा आहे हे ओळखून एका एचपीवर तग धरणं. काउंटर म्हणजे समोरचा फिजिकल वार करणार हे ताडून तो दुपटीने परत करणं, मिरर कोट म्हणजे तेच स्पेशल वाराच्या बाबतीत. डेस्टिनी बाँड म्हणजे मी पडणार हे कळून चुकल्यावर मारणाऱ्यालाही सोबत नेणं. यातल्या प्रत्येक मूव्हमध्ये समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज आहे. मिमिक, स्केच, थीफ, स्लीप टॉक यांची कारणं निराळी असणार, नक्कल आणि चोरीची. पण यादीचा गाभा माझ्या मते हाच. पुढे 2002 च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये यादी वाढली तेव्हा फोकस पंच, फॉलो मी, स्नॅच अशाच मूव्ह्ज तिच्यात आल्या, नेमक्या वेळेवर ज्यांचं सगळं अवलंबून.

करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार? तांत्रिक अडचणीही असतील. टर्नच्या सुरुवातीलाच घडायला हव्यात अशा मूव्ह्ज मध्येच उपटल्या तर अर्थ राहत नाही. पण खेळणारी म्हणून मी ती यादी अशी वाचते: ताकद नशिबावर सोडली आहे, अंदाज नाही. तो माझ्याकडे ठेवलाय.

आणखी एक बारकावा सापडला. ‘गोल्ड’मध्ये मेट्रोनोम वापरणाऱ्याला जी मूव्ह आधीच येते ती त्यातून पडत नाही. आली तर खेळ पुन्हा आकडा काढतो. म्हणजे टोगेपीचं बोट दरवेळी त्याला न येणारंच काहीतरी करतं. हे वाचून मला इतका आनंद झाला की तो नेमका का झाला ते अजून सांगता येत नाही.

शुक्रवार

गोल्डनरॉड सिटीचं जिम. तिथली प्रमुख व्हिटनी.

हे जिम कुणी विसरत नाही, आणि कारण तिची मिलटँक. तिची मूव्ह रोलआउट, सलग लोळत मारत राहणारी. पॉवर पहिल्यांदा 30, लागत गेला तर 60, 120, 240, 480. मध्ये एकदा चुकला की मोजणी पुन्हा 30 पासून. ही शेवटची अट लक्षात ठेवण्यासारखी.

व्हिटनीच्या क्लिफेरीकडेही मेट्रोनोम आहे हे मी विसरूनच गेले होते. तिने बोट हलवलं आणि निघालं टेलिपोर्ट, जे ट्रेनरच्या लढाईत चालतच नाही. मला हायसं वाटलं, पण दुसऱ्याच्या हातातलं ते बोट बघताना पोटात गोळा आला होता हेही खरं. माझा टोगेपी बोट हलवतो तेव्हा समोरच्या माणसाला काय वाटत असेल ते आज कळलं.

मिलटँकसमोर टोगेपीला उतरवलं. ती कितीतरी वेगवान, त्यामुळे पहिला वार तिचाच. रोलआउट लागला. मेट्रोनोम: स्प्लॅश. दुसरा रोलआउट लागला, एचपी लाल रंगात. मेट्रोनोम: स्मोकस्क्रीन.

आता इथे कुणी म्हणेल, समोरच्याची अचूकता कमी करणारा स्मोकस्क्रीन तर सिंडाक्विलला (सुरुवातीला निवडता येणाऱ्या तिघांपैकी एक) लेव्हल 6 लाच येतो, त्याने ठरवून टाकला असता. मान्य. माझ्याकडे सिंडाक्विल नव्हता, टोगेपी होता. रोलआउटची अचूकता मुळात 90, स्मोकस्क्रीनने तिची तीनचतुर्थांश झाली, म्हणजे सदुसष्टच्या आसपास. तिसरा रोलआउट चुकला. मोजणी तुटली. आणि या क्षणी बोट पुन्हा हलवायचं नव्हतं. मी टोगेपीला मागे घेतलं आणि जिओड्यूडला पुढे केलं. त्याच्या अंगावर रोलआउट निम्माच लागतो, आणि मिलटँकच्या डोळ्यांपुढचा धूर ती मैदानात असेपर्यंत तसाच राहतो. पुढची लढाई लांबली. तिने दोनदा मिल्क ड्रिंकने एचपी भरून घेतलं. पण रोलआउट चढत्या क्रमाने सलग लागला असं पुन्हा झालं नाही, आणि शेवटी क्रोकोनॉने, म्हणजे मोठ्या झालेल्या टोटोडाइलने, काम संपवलं.

जिंकून दिलं कुणी? मेट्रोनोमने नाही. स्मोकस्क्रीन हे चांगलं दान होतं, पण तसंच बोट हलवत राहिले असते तर टोगेपी पडला असता आणि जिओड्यूडला भरलेल्या रोलआउटसमोर उतरावं लागलं असतं. त्या धुराचं पुढे काय करायचं हे ठरवण्यात लढाई होती.

रविवार

स्पर्धात्मक खेळणारे मेट्रोनोमला हात लावत नाहीत, आणि त्यांच्या जागी तेच बरोबर आहे. त्यांच्या खेळात समोरचा कुठली मूव्ह देईल, कुणाला मागे घेईल, याच्या अंदाजावर सगळं चालतं. तिथे एक टर्न वाया गेली तर परत येत नाही. शिवाय मेट्रोनोम स्वतः स्टेटस मूव्ह (थेट मार न करणारी) असल्यामुळे, अशा मूव्ह्ज अडवणाऱ्या टॉन्टने तो सरळ बंद पडतो, मग त्यातून पुढे काहीही निघणार असो. वेगवान क्विक अटॅक निघाला तरी मेट्रोनोमच्या नेहमीच्या पाळीलाच लागतो.

उलट ‘पोकेमॉन शोडाउन’ या सिम्युलेटरवर मेट्रोनोम बॅटल नावाचा प्रकार आहे. प्रत्येक पोकेमॉनकडे फक्त मेट्रोनोम, दुसरं काही नाही. तेही मी बघितलंय आणि मजा येते, पण मला जे हवं ते तिथे सापडत नाही. कारण तिथे पुढची टर्नही बोटाचीच. संघ निवडताना विचार असतो, मैदानात उतरल्यावर फारसा उरत नाही.

मला हवा असतो तो मधला प्रकार. एक बोट, आणि बाकी संघ माझ्या हुकमातला. परवा मेट्रोनोममधून रेन डान्स आला. पाच टर्न पाऊस, पाण्याच्या मूव्ह्ज दीडपट. मी कधी आपणहून रेन डान्स वापरला नसता, एक टर्न त्यात घालवायचा धीर मला होत नाही. पण पाऊस आलाच होता. क्रोकोनॉला आणलं आणि त्या लढाईत तो जसा खेळला तसा मी त्याला आधी कधी खेळवलाच नव्हता. रिफ्लेक्ट आला तर फिजिकल मार निम्मा होतो, मग नाजूक कुणाला तरी पुढे करून बघता येतं. पेरिश साँग आलं तर तीन टर्नमध्ये मैदानातले दोघंही पडतील असं घड्याळ सुरू होतं आणि टोगेपीला वेळेत मागे घ्यायचं भान ठेवावं लागतं. सेल्फ-डिस्ट्रक्ट आला तर टोगेपी गेला, आणि उरलेल्यांनिशी लढायचं. दरवेळी अशी परिस्थिती समोर येते जी मी स्वतः निवडून कधीच उभी केली नसती. माझ्या सवयीच्या पलीकडचा पट. तिथून खेळता येणं हे कसब आहे असं मी मानते, आणि ते मला मेट्रोनोमनेच थोडंफार शिकवलंय.

सवय हा शब्द लिहिला आणि जाणवलं की एरवी मी प्रत्येक गेम तसाच खेळते. एक जोरकस मूव्ह, ती संपेपर्यंत तीच. टोगेपी नसता तर हाही तसाच झाला असता.

आता पुढचं. टोगेपीचा जिव्हाळा वाढला की टोगेटिक होईल, म्हणून त्याला संघात पुढे ठेवून चालवतेय. एखादा टीएम (मूव्ह शिकवणारं यंत्र) देऊन त्याला भरवशाची हल्ल्याची मूव्ह शिकवावी का हा प्रश्न आज सकाळपासून डोक्यात होता. शिकवणार आहे, पण ग्राउलच्या जागी. मेट्रोनोमचे दहा पीपी आहेत, म्हणजे तो दहा वेळा वापरता येतो, ते पीपी अप या वस्तूने वाढवेन. आणि एक्रुटीक सिटीच्या जिममध्ये त्याला पहिल्यांदा उतरवायचं नाही. आधी समोरचा संघ बघायचा, मधल्या एखाद्या टर्नला बोट हलवायचं, आणि जे निघेल त्यासाठी कोण तयार आहे ते आधीच ठरवून ठेवायचं.