२५, ५० आणि १०० मीटर: एकाच .२२ रायफलचे तीन झिरो

"ही रायफल झिरो आहे का?", म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, हा प्रश्न अर्धा आहे. किती मीटरवर, कोणत्या गोळीने आणि कोणत्या पोझिशनमध्ये, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. इथे पीप साइटची, म्हणजे मागच्या बारीक भोकातून पुढच्या रिंगमध्ये टार्गेट पाहायची, .२२ टार्गेट रायफल धरली आहे. ओपन साइटबद्दल (मागे खाच, पुढे पोस्ट म्हणजे उभी खुंटी) शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी गोळी कशी जाते ते पाहू. .२२ची स्टँडर्ड गोळी २.६ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते. नजरेची रेघ सरळ असते आणि ती नळीच्या सुमारे ४ सेंटीमीटर वरून जाते. नळीचं तोंड त्या रेघेच्या मानाने किंचित वर उचललेलं असतं, म्हणून गोळी खालून येऊन रेघ ओलांडते, थोडा वेळ वर राहते आणि पुन्हा खाली येते. रायफल ५० मीटरला झिरो असेल, तर तीच गोळी २५ मीटरवर सुमारे १२ मिलिमीटर वर लागते आणि १०० मीटरवर २० ते २३ सेंटीमीटर खाली. साइट नळीला जितकी जवळ, तितका २५ मीटरचा फरक वाढतो. बुटक्या साइटच्या रायफलवर तो दोन सेंटीमीटरपर्यंत जातो. २५ मीटरवर बुलच्या, म्हणजे टार्गेटच्या काळ्या गोलाच्या, मधोमध ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) आणला आणि तसंच ५० मीटरवर गेलं, की गोळ्या खाली लागतात. मग रायफल बिघडली अशी शंका येते. रायफल ठीक असते, फक्त अंतर बदललेलं असतं.

काम नेहमी ५० मीटरवर सुरू करावं, कारण मॅच तिथे होते. स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यापुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद असते आणि पूर्ण काळा भाग ११२.४ मिलिमीटर. हे आकडे पाठ असले की ग्रुप किती सरकलाय ते फूटपट्टीशिवाय कळतं.

वारा पडलेला असताना, म्हणजे शक्यतो सकाळी, बसावं. तेल लावून ठेवलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. त्या मोजू नयेत. पाच ते दहा गोळ्या मागच्या मातीत सोडून मग टार्गेट लावावं. आता पाच गोळ्यांचा एक ग्रुप. या पाच गोळ्यांमध्ये साइटला हात लावायचा नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: पहिली गोळी आठच्या रिंगवर गेली की लगेच साइटच्या नॉबचे दोन क्लिक (खटके), दुसरी पलीकडे गेली की परत चार क्लिक. अशाने माणूस स्वतःच्या हलण्याचाच पाठलाग करत राहतो. पाच छिद्रांचा मध्य काढावा आणि दुरुस्ती त्या मध्यापासून करावी. ग्रुपच दोन-तीन रिंगांत पसरला असेल, तर साइट राहू द्यावी आणि आधी स्लिंग (हाताला रायफल बांधणारा पट्टा), खांदा, ट्रिगर आणि साइटचे स्क्रू तपासावेत.

रिअर साइट ज्या दिशेला सरकते, त्याच दिशेला गोळी सरकते. फ्रंट साइटचं बरोबर उलट. नॉबवरच्या अक्षरांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. काही साइटवर अक्षर 'गोळी तिकडे न्यायची' असं सांगतं, तर काही जर्मन बनावटीच्या साइटवर 'गोळी तिकडे लागली असेल तर असं फिरवा' असं. नवीन साइट हातात आली की दहा क्लिक एका बाजूला देऊन पाहावं आणि जे दिसेल ते वहीत लिहावं.

क्लिकची किंमतही स्वतःच काढावी. पाच गोळ्यांचा ग्रुप, मग वर २० क्लिक, नेम तोच आणि पुन्हा पाच गोळ्या. दोन ग्रुपच्या मध्यांत ५० मिलिमीटर अंतर आलं, तर ५० मीटरवर एक क्लिक अडीच मिलिमीटरचा, म्हणजे एका रिंगला तीन क्लिक. क्लिक हा कोन असल्यामुळे तोच २५ मीटरवर सव्वा मिलिमीटर आणि १०० मीटरवर पाच मिलिमीटर होतो. १०० मीटरवर गोळी २२ सेंटीमीटर खाली जात असेल, तर या साइटवर ४४ क्लिक वर. हा नुसता सुरुवातीचा आकडा आहे. पक्का आकडा १०० मीटरवर ग्रुप मारूनच ठरतो.

त्यानंतर २० क्लिक परत खाली घ्यावेत आणि तिसरा ग्रुप मारावा. तो पहिल्या ग्रुपवर बसला पाहिजे. बसला नाही, तर साइटच्या आट्यांमध्ये ढिलाई आहे. जुन्या साइटमध्ये ती असतेच. त्यावर सवय हाच उपाय: शेवटची फिरवणी नेहमी एकाच दिशेने. खाली यायचं असेल, तर पाच क्लिक जास्त खाली जाऊन पाच वर यावं.

अंतर बदललं की फ्रंट रिंगही, म्हणजे फ्रंट साइटमधली टार्गेटचा काळा भाग बसवायची रिंगही, पाहावी लागते. तेच टार्गेट १०० मीटरवर लावलं तर काळा भाग डोळ्याला निम्मा दिसतो, आणि ५० मीटरच्या रिंगमध्ये तो सैल तरंगतो. मध्य कुठे ते डोळ्याला ठरवता येत नाही आणि ग्रुप फुगतो. एक तर टार्गेट मोठं लावावं, नाहीतर रिंग लहान घ्यावी. पण काळ्याभोवतीची पांढरी कड दोऱ्याएवढी बारीक होईल इतकी लहान नको. रिंग बदलली की पाच गोळ्या मारून झिरो तपासावा. त्याआधी फ्रंट साइटला हात लावायचा तर रेंज ऑफिसरची परवानगी, बोल्ट उघडा, चेंबर रिकामा.

रायफल तिरकी धरण्याचा परिणाम १०० मीटरवर उघडा पडतो. रायफल पाच अंश उजवीकडे कललेली असेल, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ११ मिलिमीटर उजवीकडे जाते. ती विंडेजने (साइटच्या डावी-उजवीकडच्या दुरुस्तीने) दुरुस्त होते आणि सगळं छान वाटतं. १०० मीटरवर मात्र त्याच कलामुळे गोळी साडेचार सेंटीमीटर सरकते आणि ५० मीटरची दुरुस्ती तिथे निम्मीच पुरते. उरलेले दोन सेंटीमीटर पाहून माणूस वाऱ्याला दोष देतो. फक्त एलिव्हेशन (वर-खालीची दुरुस्ती) बदललं असताना ग्रुप उजवी-डावीकडेही हलला, तर आधी कल तपासावा.

आता ओपन साइट. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात १० मीटरच्या ओपन साइट एअर रायफलनेच होते. एनसीसीच्या मुलांच्या हातात येते ती .२२ही ओपन साइटचीच. इथे क्लिक नसले तरी हिशोब सोपा आहे: साइट किती हलवायची = चूक × दोन साइटमधलं अंतर ÷ टार्गेटचं अंतर. दोन साइटमध्ये ४५० मिलिमीटर आणि १० मीटरवर १० मिलिमीटरची चूक, म्हणजे साइट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, ०.४५ मिलिमीटर हलवायची. गोळी खाली लागते म्हणून फ्रंट पोस्ट घासायला घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. कानशीचे दोन हात जास्त पडले की तो पोस्ट गेलाच. आधी रिअर साइट पूर्ण वापरून पाहावी.

सहा वाजताचा नेम, म्हणजे काळ्याची खालची कड पोस्टच्या माथ्यावर टेकवणं, हा झिरो त्या टार्गेटपुरताच असतो. १० मीटर एअर रायफलचा काळा ३०.५ मिलिमीटरचा आहे, म्हणून गोळी पोस्टच्या माथ्यापेक्षा १५ मिलिमीटर वर लागायला हवी. वेगळ्या आकाराचं टार्गेट लावलं की तो झिरो उरत नाही. बाजूने ऊन पडत असेल, तर पोस्टची एक कड चमकते आणि ग्रुप बाजूला सरकतो. त्यावर कापराची काजळी उत्तम. रायफल रिकामी करून, गोळ्या आणि क्लिनिंगच्या द्रवापासून लांब नेऊन, पोस्ट क्षणभर धुरात धरावा.

वहीत प्रत्येक अंतरासमोर लिहावं: तळापासून मोजलेले क्लिक, विंडेज, रिंगचा आकार, पोझिशन, गोळीचा ब्रँड आणि लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांच्या खेपेचा नंबर). तळ म्हणजे नॉब पूर्ण खाली जाऊन अडतो ती जागा. साइट काढून परत लावली तरी मोजणी तिथूनच करता येते. थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं झोपून) आणि स्टँडिंगचे (उभं राहून) आकडे वेगळे निघतात, म्हणून प्रत्येकाची ओळ वेगळी. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून काढलेला झिरो स्लिंगवर जसाच्या तसा येत नाही. लॉट बदलला की जुन्या ओळी खोडू नयेत, नवीन पान घ्यावं आणि ५० मीटरपासून पुन्हा पाच गोळ्या माराव्यात.