घरच्या ओव्हनमधली बालबेकची स्फीहा
लेबनॉनच्या बेका खोऱ्यातील बालबेक हे शहर रोमन मंदिरांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच स्फीहासाठी, म्हणजे खिमा भरलेल्या छोट्या, चौकोनी, वरून उघड्या रोटीसाठीही. तिथे खाटीकच कांदा-टोमॅटो घालून सारण तयार करून देतो आणि जवळचा भट्टीवाला ते पिठात भरून भाजतो. घरी करताना सारी मदार सारणाच्या ओलाव्यावर असते: बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो मीठ लावून घट्ट पिळले नाहीत, तर पाणी सुटून तळ कच्चा राहतो. मेंढीचा खिमा, थोड्या चरबीसह, न परतता कच्चाच भरावा. डाळिंबाचा आटवलेला रस मिळाला नाही, तर लिंबू चालेल. चिंच मात्र मला पटत नाही. चारही कोपरे चिमटून, चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये कडा तांबूस होईपर्यंत भाजावी आणि दह्याबरोबर गरमच वाढावी.