जमीन-मापन कन्व्हर्टर, नोंद ३: गुंठा शून्य का येत होता

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि बोलण्यात गुंठे-एकर, त्यामुळे ही अदलाबदल रोजच लागते. तिचं सगळं गणित आता सी शार्प भाषेतल्या एका स्टॅटिक क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता थेट वापरायच्या क्लासमध्ये आहे. ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. तो मोजायला ऑब्जेक्ट कशाला हवा?

तरी पहिलीच चाचणी कोसळली. एकराचे गुंठे काढताना शून्याने भागाकार! ‘गुंठा = १०८९ गुणिले चौफूट’ ही स्टॅटिक रीडओन्ली (एकदाच भरली जाणारी) ओळ वर होती आणि ‘चौफूट = ०.०९२९०३०४’ (एका चौरस फुटाचे चौरस मीटर) तिच्या खाली. स्टॅटिक फील्ड लिहिलेल्या क्रमानेच भरली जातात, म्हणून वरची ओळ चालली तेव्हा चौफूट शून्यच होतं. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही. आकड्यांचा प्रकार डेसिमल होता म्हणून निदान एक्सेप्शन (चूक दाखवून थांबणं) तरी आलं. डबल हा प्रकार असता तर इन्फिनिटी (अनंत) घेऊन हिशोब तसाच पुढे गेला असता.

दोन्ही कॉन्स्ट, म्हणजे कधीच न बदलणारे स्थिरांक केले. कॉन्स्टची किंमत कंपाइल होतानाच ठरते, तिथे ओळींचा क्रम आड येत नाही. गुंठा १०१.१७१४१०५६ चौरस मीटर, एकर त्याच्या ४० पट. मात्र कॉन्स्टचा आकडा तो वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये थेट उतरतो. नुसती डीएलएल (कन्व्हर्टरची कंपाइल झालेली फाइल) बदलली तर तिथे जुनाच राहतो. फूट बदलणार नाही, पण रेडीरेकनरचे दर असे ठेवू नका.

दुसरी चूक जास्त चिवट. दशांश स्थळांची संख्या स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच असलेल्या व्हेरिएबलमध्ये होती. एक्सयुनिट हे चाचण्या चालवणारं साधन वेगवेगळ्या क्लासमधल्या चाचण्या समांतर चालवतं. एकीने २ चे ४ केले की दुसरीचं उत्तर बिघडायचं. एकेकटी चालवली की दोन्ही पास. ती संख्या आता पॅरामीटर म्हणून जाते, क्लासमध्ये बदलणारं काहीच उरलेलं नाही. जाता जाता: मॅथ डॉट राउंड २.१२५ चे २.१२ करतं, कारण बरोबर मध्यावरचा आकडा ते सम अंकाकडे नेतं. २.१३ हवे असतील तर अवे फ्रॉम झिरो हा पर्याय सांगावा लागतो.

आता बिघा. तो प्रांतागणिक वेगळा, म्हणजे प्रत्येक प्रांताचं माप बाहेरून देता आलं पाहिजे. स्टॅटिक क्लास इंटरफेस (अनेक क्लासनी पाळायचा ठरलेला साचा) राबवू शकत नाही, पॅरामीटर म्हणूनही जात नाही. बिघ्यासाठी साधा क्लासच लागेल; गुंठा आहे तिथेच राहील.