तुम्ही विचारलंत म्हणून: गायरानावर सोलर येतोय, आम्हाला कुणी विचारलंच नाही!

“गायरानात सोलर बसणार म्हणे. आम्हाला कुणी विचारलं पण नाही. हे कायद्यात बसतं का?” कोल्हापूर जिल्ह्यात करवीर असो, भुदरगड असो की गडहिंग्लज, प्रश्न हाच असतो.

बहुतेक वेळा बसतं. जलविद्युत प्रकल्प मोठा असेल तर पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते: ३० दिवसांची नोटीस, स्थानिक दैनिकात जाहिरात, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांची अध्यक्षता, आणि इतिवृत्त त्याच दिवशी लोकांना वाचून दाखवायचं. सोलर पॅनेलचे प्रकल्प मात्र ही मंजुरी कुणाला लागते ते ठरवणाऱ्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. नदी अडवली तर विचारतात, गायरान घेतलं तर नाही. अन्याय असलाच तर नियम मोडण्यात नाही, नियमातच आहे.

शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी आपल्याच जिल्ह्याने रस्त्यावर उतरून केली होती. रात्री गव्याची भीती पोटात घेऊन मोटर सुरू करायला जाणाऱ्याला सौर वाहिनी, म्हणजे सोलरवरची दिवसाची शेतीची वीज, नको, असं कोण म्हणेल? भांडण विजेशी नाही, जागा कुणाची जाते आणि मोबदला कुणाला मिळतो याच्याशी आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. दहा हेक्टर दिले, तर पंचवीस वर्षांत सव्वाचार कोटींपेक्षा कमी होत नाहीत. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने जाते. ग्रामपंचायतीला दरवर्षी पाच लाख मिळतात, तेही तीनच वर्षं. पुढची बावीस वर्षं गावाची शेरडं-मेंढरं कुठं चरायची, याचा हिशोब कुठल्याच रकान्यात नाही. त्यात ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याचीच जनावरं गायरानावर जास्त असतात.

मग अडवायची जागा कुठली? आदेश निघून जागेचा ताबा दिला गेला, की हातात फारसं उरत नाही. त्याआधी दोन ठिकाणी लक्ष ठेवा.

पहिली ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जो आकडा कमी असेल तो. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. इथेच बऱ्याच गावांचा घात होतो. पाच-पंचवीस माणसांत ठराव होतो आणि कागदावर “ग्रामसभेने एकमताने” असं उमटतं. कधी ग्रामपंचायत सदस्यांच्या मासिक सभेचा ठरावच ग्रामसभेचा म्हणून पुढे जातो. म्हणून इतिवृत्ताची नक्कल मागा आणि विषयपत्रिकेत हा विषय छापला होता, की “ऐनवेळचे विषय” या नावाखाली घुसवला, ते बघा. नक्कल दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवस.

दुसरी जागा जिल्हाधिकाऱ्यांचा प्रस्ताव. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरान दुसऱ्या कामाला देताना, सार्वजनिक प्रयोजन असलं तरी, दुसरी योग्य सरकारी जमीन नाही हे दिसायला हवं. सगळ्यात दमदार हरकत हीच. “गावाचं नुकसान होईल” असल्या मोघम अर्जाला कुणी विचारत नाही. असं लिहा: “गट नं. अमुकमध्ये क्षेत्र एवढं, पशुगणनेनुसार गावात जनावरं एवढी, त्यांना चराईसाठी दुसरं गायरान नाही. गट नं. तमुकमध्ये एवढी सरकारी पड जमीन आहे, ती सबस्टेशनपासून एवढ्या अंतरावर आहे. ती का नको, हे लेखी कळवावे.” सोबत दोन्ही गटांचे सातबारे जोडा. अर्ज तहसील आणि जिल्हाधिकारी दोन्ही कार्यालयांत द्या आणि पोच घेताना आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का तिन्ही आहेत का बघा. नुसत्या सहीच्या पोचेला पुढे काडीची किंमत नसते.

मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहा. पाणंद, ओढा, स्मशानभूमी, तालीचं पाणी जाण्याची वाट हे सगळं सातबाऱ्यावर असेलच असं नाही. कुंपण घातलं गेलं की पाणंद आत आणि शेतकरी बाहेर. हे टाळायचं तर पंचनाम्यात लिहून घ्या, तोंडी “रस्ता सोडतो हो” वर विसंबू नका. तरीही रस्ता अडलाच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावा, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. साहेबांना निवेदनं देण्यात ते सहा महिने सहज निघून जातात.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे. सरकारी आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायच्या रिट याचिकेसाठी मात्र आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.